फिर्यादीच्या कार्डावरचा काळा दोरा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, आई होती तेव्हा आईला नाही. नवऱ्याला तर नाहीच — आणि जे झालं ते त्यांच्या समोर बसून झालं. वहीत लिहिते, कारण तोंडानं मला येत नाही. शाळेत मास्तरांनी नाव घेतलं की 'हजर' हा शब्दसुद्धा घशात राहायचा, शेजारची मुलगी माझ्या वतीनं ओरडायची. चौथीनंतर शाळा सुटली. अक्षर मात्र सरळ राहिलं.

तू कोण, मला माहीत नाही. मैत्रीण समजून लिहावं म्हणते, पण मला मैत्रीण नव्हती, तेव्हा ते कसं करतात तेही नीट ठाऊक नाही. एवढं सांगते — माझी कीव येणार असेल तर इथेच थांब. मला ती नको आहे.

माझा नवरा पोलीस ठाण्यात रायटर होता. म्हणजे लिहिणारा — फिर्याद लिहिणं, डायरी लिहिणं, जिल्ह्याला कागद पाठवणं. गाव त्यांना जमादार म्हणायचं, मीही इथे तेच म्हणते. ठाणं कोणतं ते लिहीत नाही. वाशीमच्या रस्त्यावरचं एक गाव समज. आठवड्याचा बाजार, एसटीचा थांबा, गावाबाहेर नाल्याच्या कडेला भाजीचे मळे.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी नवे ठाणेदार आले. तरुण, कडक. त्यांनी पहिल्या आठवड्यात सगळी जुनी रजिस्टरं टेबलावर काढायला लावली आणि विचारलं, या सगळ्यातून एक माणूस शोधायचा झाला तर किती वेळ लागेल? जमादार म्हणाले, साहेब, दोन दिवस. ठाणेदार म्हणाले, तोवर चोर मुंबईला जाऊन परत येईल. मग हुकूम निघाला. वीस वर्षांच्या रजिस्टरातलं एकूणएक नाव वेगळ्या कार्डावर उतरवायचं. नाव, बापाचं नाव, गाव, अंगावरची खूण, कुठल्या वहीत कुठलं पान. आरोपी असो, साक्षीदार असो, फिर्यादी असो — ज्याचं नाव ठाण्याच्या कागदावर एकदा आलं, त्याचं कार्ड.

जमादारांचं अक्षर घाईचं. एक दिवस ते रजिस्टर पिशवीत घालून घरी घेऊन आले. नियमात बसत नव्हतं ते. म्हणाले, "तुयं अक्षर बरं हाय. बसल्या बसल्या उतरून काढ. कोनाले सांगू नको."

मी कोणाला काय सांगणार होते?

दुपारी भांडी झाली की मी दाराला कडी लावून बसायची. कार्डं चहाच्या लाकडी खोक्यांत, अक्षरांप्रमाणे. काही दिवसांत माझ्या लक्षात आलं की नाव माहीत असेल तर कार्ड सापडतं, पण ठाण्याला नाव कुठे माहीत असतं? त्यांना चोरी माहीत असते. मग मी गोधडीचे दोरे काढले. आरोपी किंवा संशयित असेल त्याच्या कार्डाला कोपऱ्यात भोक पाडून दोरा बांधायचा. जनावराच्या चोरीला लाल, शेतातल्या मालाला पिवळा, विहिरीवरच्या सामानाला निळा, घरफोडीला काळा. साक्षीदार आणि फिर्यादी कोरे. खोकं उघडलं की दोरे वर दिसतात — हव्या त्या रंगाचे ओढून घ्यायचे. दोन दिवसांचं काम सुपारी कातरायच्या वेळात व्हायला लागलं. ठाणेदारांनी जमादारांची पाठ थोपटली. दोऱ्याची अक्कल कोणाची, हे जमादारांनी सांगितलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. खरंच नाही.

कारण मला दुसरंच काही मिळालं होतं. जेवताना जमादार विचारायचे, "छपराचे कवेलू काढून आत उतरनारा कोन व?" आणि मी भाकरी थापता थापता सांगायची, कानाची पाळी फाटलेला एक आहे, रिसोडकडचा, भ च्या खोक्यात बघा. तो असायचाच. गावात माझ्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नव्हतं, आणि मला सगळ्यांचं ठाऊक होतं. पाटलाच्या साळ्याच्या कार्डाला पिवळा दोरा होता. देवळात पुढे बसणाऱ्या एकाला लाल. ते समोरून गेले की मी खाली मान घालायची आणि मनात रंग म्हणायची. मला हे आवडत होतं. फार आवडत होतं.

आता वच्छला.

तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, तुळशीरामचं, नाल्याकडेला मळा होता. वांगी, मिरची, मेथी, सांबार — म्हणजे कोथिंबीर. बाजारात ती पहिल्या रांगेत बसायची आणि तिची जीभ तिच्या विळ्यापेक्षा धारदार. सगळ्या बायका तिच्याशी हुज्जत घालून घ्यायच्या — भाजी घेतली की "वरून टाक ना व दोन काड्या" म्हणायच्या, ती शिव्या देत दोन काड्या टाकायची. वरचं मागायचं असतं. तोंडानं मागायचं. ती रीतच आहे, घेणारीलाही त्यात मजा, देणारीलाही.

मला मागता यायचं नाही. दीड वर्ष मी वच्छलाकडून भाजी घेतली आणि एकदाही वरचं मागितलं नाही. पिशवी धरून थोडी थांबायची, की ती आपणहून टाकेल. ती टाकायची नाही. मग एका बाजारी तिचं लक्ष दुसरीकडे आहे असं वाटलं आणि मी सांबाराच्या दोन काड्या उचलून पिशवीत घातल्या.

तिनं माझं मनगट धरलं. धरून उभी राहिली. "मांगतलं असतं तं देल्लं असतं, बाई. चोरून काहून?" मी काही बोलू शकले नाही. बोलले असते तर तिथेच संपलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. माझी पिशवी तिनं पोत्यावर उपडी केली. वांगी घरंगळली. ती बायकांकडे वळून म्हणाली, "पाहा व, चोर पकडनाराच्या घरात चोर. आता फिर्याद कोनाकडं द्याची?" हशा पिकला. कोणी वाईट हसत नव्हतं, खरं सांगायचं तर. बाजारात असं रोज होतं, दुसऱ्या घटकेला विसरतात. हसत हसत तिनंच माझी वांगी परत भरली आणि ते सांबारही आत टाकलं. "घ्या. पुन्हा मुक्यानं नका घेऊ."

मी घरी आले. त्या दिवशी घरी त अक्षराचं खोकं होतं.

वच्छलाचं कार्ड नव्हतं. बायकांची कार्डं दहाबारासुद्धा नसतील. पण तुळशीरामचं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मळ्यातल्या विहिरीवरून इंजिनाचा पाइप चोरीला गेला होता, त्याची फिर्याद द्यायला तो ठाण्यात आला होता. एवढाच तो ठाण्याच्या कागदावर होता. ज्याचं चोरलं तो. कार्ड कोरं. मी सुई घेतली, कोपऱ्यात भोक पाडलं, काळा दोरा ओवला आणि दोन गाठी मारल्या.

तुळशीरामला मी तोवर दोनदा पाहिलं असेल. एकदा पाठमोरा.

तुला वाटेल, हीच ती चूक. रागात केली, बाई लाजरी, अपमान झाला होता — थांब. हे नाही. हे मी सांगू शकले असते. दोन दिवसांनी राग ओसरला तेव्हा हसत सांगता आलं असतं.

महिनाभरात गावातल्या कापडाच्या दुकानाची मागची भिंत फोडली गेली. ठाणेदारांनी काळे दोरे काढायला सांगितले. त्यातले जवळपासचे पाच निघाले आणि पाचही जण आणले. त्यात तुळशीराम. त्यानं म्हणे सांगितलं की मी कधी कोणाचं काही घेतलं नाही. ते तर बाकीचे चौघंही म्हणत होते. त्याला दोन दिवस ठेवलं. तळपायावर मारलं. तिसऱ्या दिवशी सोडलं, कारण चोर दुसरीकडचाच निघाला. जमादार जेवताना म्हणाले, "तो मळ्यावाला लय रडला. पन असे रडनारेच पक्के असतात."

मी त्यांच्या ताटात वरण वाढलं.

त्यानंतर घर फुटलं की तो जायचा. वाशीमकडच्या मालेगावात फुटलं तरी जायचा. कोणीही परत वही उघडून बघितलं नाही, की हा माणूस इथे कशानं आला. का बघतील? कार्ड वहीवरूनच तर केलं होतं. वही खोटी असू शकते असं पोलिसाला वाटतं, माणूस खोटा असतो असं तर नेहमीच वाटतं, पण शोधून हातात आलेलं कार्ड — त्याच्याशी कोणी वाद घालत नाही. आणि जितक्यांदा तो गेला तितक्यांदा डायरीत नोंद झाली, संशयावरून आणला. म्हणजे पुढेपुढे वहीसुद्धा त्याच्या विरुद्ध झाली. माझा दोरा खरा होत गेला.

मळ्याची विहीर भावकीतल्या तिघांत होती, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. तुळशीराम ठाण्यात असला की त्याची पाळी चुकायची. उन्हाळ्यात मिरचीला दोन पाळ्या चुकल्या तर झाड उभं राहतं, फूल राहत नाही. वच्छला बाजारात मागच्या रांगेत गेली. टोपलीत भाजी कमी, आणि तोंडात शिव्याही कमी. बायका तिच्याकडे वरचं मागेनाशा झाल्या. चोराच्या घरचं वरचं कोण मागतं? मी लांबून पाहायची. मला वाईट वाटलं असं लिहू का? नाही वाटलं. मला वाटलं, आता तुला कळलं असेल, पिशवी उपडी झाली की कसं असतं.

मग ती माझ्या दारी आली. दुपारची वेळ, कडी लावलेली. मी कार्डं पदराखाली झाकून दार उघडलं. ती आत आली नाही, पायरीवर बसली. म्हणाली, "त्या दिशीचं मनात ठिवू नका, बाई. माही जीभ तशीच हाय. माय म्हनायची, इले विंचवानं जलम देल्ला." मी पदराखालची कार्डं घट्ट धरली. ती म्हणाली, "तुमच्या मालकाले एक डाव इचारा ना. आमच्या मान्साचं नाव दरखेपी कायले येते? कोनी लावलं ते तरी कयू द्या. त्याच्या पायाची कातडी पाहा येऊन, मंग सांगा."

मी म्हणाले, "विचारते."

एवढंच म्हणाले. ती उठली, माझ्या पायाला हात लावायला वाकली, मी मागे सरकले. तिला वाटलं, ही किती साधी. तिच्या अंगाला मातीचा आणि घामाचा वास होता. ती गेल्यावर मी खोक्यातून तुळशीरामचं कार्ड काढलं आणि मांडीवर ठेवून बसले. कात्री बाजूलाच. एकदा कातरलं की झालं. कोणाला कळलंही नसतं. मी ते कार्ड परत ठेवलं. का? इतक्या वर्षांत कोणी पहिल्यांदाच माझ्या दारी काही मागायला आलं होतं, आणि देणं न देणं माझ्या हातात होतं. ते हातात धरून ठेवायला मला बरं वाटलं. याहून दुसरं कारण मी खूप शोधलं. नाही सापडलं.

तरी अजून ते आलं नाही, जे सांगायचं आहे.

पावसाळ्यानंतर अकोल्याहून, जिल्ह्याहून, कागद आला. आपल्या ठाण्याची कार्डपद्धत चांगली आहे असं ऐकलं, सगळ्या कार्डांची नक्कल करून पाठवा, इथे मोठ्या कपाटात लावू, कुठल्याही ठाण्यानं नाव विचारलं की इथून शोधून देऊ. जमादार फुलले. पण दोरे पाठवू नका म्हणून कागदातच लिहिलं होतं, तुटतात, गुंततात. रंगाच्या जागी शाईनं शब्द लिहायचा. जनावर. शेतमाल. विहीर. घरफोडी.

पंधरा दिवस आम्ही दोघं बसलो. जमादार कार्ड वाचायचे आणि रंग सांगायचे, मी लिहायची. त ला आलो. त्यांनी तुळशीरामचं कार्ड उचललं, वाचलं, आणि थांबले. चष्मा वर केला. कार्डावर वहीचं पान लिहिलेलं होतं — माझ्याच अक्षरात — आणि ती वही योगायोगानं समोरच पडली होती.

"अव, हा तं फिर्यादी होता ना?" ते म्हणाले. "पाइप याचाच गेल्ता. म्याच लिवली होती फिर्याद. मंग याले काळा काहून?"

मैत्रिणी, मला त्यांनी विचारलं. रागावून नाही, सहज. सुटकेचं दार सताड उघडं होतं. मला फक्त म्हणायचं होतं, चुकून बांधला. तीन अक्षरांचं काम — चुकलं. चोरलं म्हणायचं नव्हतं, सूड म्हणायचं नव्हतं. ते हसले असते, दोरा तोडला असता, आणि कार्ड कोरं अकोल्याला गेलं असतं. मी लाजरी आहे, माझ्या तोंडून शब्द निघत नाही, असं सगळे म्हणतात ना? त्या दिवशी निघाला. लगेच निघाला, न अडखळता.

मी म्हणाले, "मागून आलं होतं त्याचं. दुसऱ्या वहीत आहे."

ते माझ्याकडे पाहत होते. मग त्यांनी चष्मा खाली केला. "हो का," म्हणाले. "तुह्या ध्यानात असंल तं असंल. वही खोटी होईन, तू नाही होनार." आणि म्हणाले, "काळा."

मी लिहिलं. घरफोडी. रेघ मारलेल्या जागी, सरळ अक्षरात, वेलांटी नीट काढून. एक प्रत अकोल्याला, एक ठाण्याला ठेवायला — म्हणून दोनदा लिहिलं. दुसऱ्यांदाचं अक्षर वाकडं आलं असेल असं तुला वाटतं का? नाही आलं.

हे ते. रागातला दोरा नाही. राग तेव्हा उरलाच नव्हता. मी पकडली गेले असते, म्हणून खोटं बोलले. दुसऱ्यांदा कोणी माझं मनगट धरू नये म्हणून एका माणसाला शाईत लिहून टाकलं. आणि जो माझ्यावर विश्वास ठेवून होता, त्याच्या त्या विश्वासाचीच मी लेखणी केली.

आठ दिवसांनी भीती वाटायला लागली. एखादा दिवस जमादार ती दुसरी वही शोधतील. मग एका दुपारी, त चं खोकं घरी असताना, मी दोरा कापला आणि ठाण्याच्या प्रतीतलं कार्ड बदलून कोरं ठेवलं. भीतीनं. दयेनं नाही. आमच्या ठाण्यातून तुळशीरामला बोलावणं बंद झालं. दोन घरफोड्या झाल्या, तो गेला नाही. वच्छला पुन्हा आली. या खेपेला आत आली, सांबाराची मोठी जुडी आणली, मेथी आणली, आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "तुमी इचारलं ना. मले ठावं होतं. मुकं मानूस देवाचं असते." मी तिला चहा दिला. तिनं तो घेतला, बशीत ओतून, फुंकून, आणि मला बहीण म्हणाली. त्या उन्हाळ्यात ती दर बाजारी माझ्या पिशवीत मी न मागता वरचं टाकायची, आणि बाकीच्यांना सांगायची, "इच्यामुळं सुटला आमचा." मी ते घेत होते. घरी आणून शिजवत होते.

अकोल्याचं कार्ड मात्र कोणी कापलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात दूरच्या एका ठाण्यानं जिल्ह्याला विचारलं, घरफोडीवाले, या भागातले, कोण? जिल्ह्यानं शोधून नावं दिली. ते लोक जीप घेऊन आले आणि तुळशीरामला मळ्यातून घेऊन गेले. आमच्या ठाण्याला त्यांनी विचारलंही नाही, कशाला विचारतील, कागद जिल्ह्याचा होता. तो दोन महिन्यांनी आला. उजवा हात कोपरातून वाकायचा नाही. त्या हातानं कुदळ धरता येत नाही, बारं फोडून वाफ्यात पाणी सोडणं तर नाहीच. वच्छला धावत माझ्याकडेच आली. कोणाकडे येणार? तिच्यासाठी मीच तर होते. म्हणाली, "आता पुन्हा एक डाव इचारा." मी म्हणाले, "ते अकोल्याचं आहे. तिथे यांचं चालत नाही." हे मात्र खरं होतं. इतकं खरं बोलताना मला बरं वाटलं, तेही लिहून ठेवते.

भावकीनं पाळी घेतली, मग मळा घेतला. ती दोघं मेडशीकडे कोणाच्या शेतात राहायला गेली. जाताना ती भेटायला आली नाही. घाईत असेल. की कोणी काही सांगितलं असेल? सांगणार कोण, माहीत मला एकटीला.

आणि आता तुला वाटत असेल, ही बाई पस्तावली, म्हणून लिहिते. वच्छला मला आजही आवडत नाही. तिनं माझी पिशवी उपडी केली ते मला तिच्या नवऱ्याच्या हातापेक्षा स्पष्ट आठवतं. माझ्या मनाची ही अशी घडण आहे आणि ती मला बदलता आलेली नाही.

कार्डांच्या कामामुळे जमादारांना बढती मिळाली. त्यांची बदली अकोल्याला झाली, त्याच मोठ्या कपाटावर. आम्ही आता इथे राहतो. चार महिन्यांपूर्वी ते जेवताना म्हणाले, कपाटातलं सगळ्यात चांगलं अक्षर आपल्या गावच्या कार्डांचं आहे, नवीन पोरांना तेच दाखवतो, असं लिहा म्हणून. रोज सकाळी दहाला ते तिथे जातात. त चा खण त्यांच्या खुर्चीपासून हातभर आहे. मी एक वाक्य बोलले तर आज संध्याकाळच्या आत ते कार्ड बाहेर निघेल.

आत्ता ते ओसरीवर बसून बुटाला पॉलिश करत आहेत. पावणेदहा झाले आहेत. मी डबा भरून ठेवला आहे. तो त्यांच्या हातात देईन, ते "येतो" म्हणतील, आणि मी नेहमीसारखी मान हलवीन. मी सांगणार नाही. उद्याही नाही. हे मला आत्ता, लिहिताना, पूर्ण माहीत आहे.